बारा संगणकांचं दान

प्रत्येक कचेरीत एक खोली अशी असते, की तिचं दार उघडायला कुणी राजी नसतं. मोडक्या खुर्च्या, बंद पंखे, दोरीनं बांधलेल्या फायली, आणि सगळ्यावर धूळ. आपल्या घरातही पलंगाखालची जागा असते, माळा असतो. वस्तू वापरवत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून ती तिथं जाऊन पडते. मग एके दिवशी जागा हवी असते आणि कुणीतरी म्हणतं, "देऊन टाकू कुणाला तरी." हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलेलं आहे. वाळूजच्या एका कारखान्यात सुदर्शन बोडखे यांनीही ते म्हटलं होतं.

सुदर्शन हे कारखान्याच्या समाजकार्य विभागाचे प्रमुख. मूळचे गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातले, आता शहरात, सिडकोत स्थायिक झालेले, बेचाळिशीचे आणि कामाला चोख. कारखान्यात नवे लॅपटॉप आले तेव्हा बारा जुने संगणक अडगळीच्या खोलीत गेले. वेगळा डबा नाही, पडद्याच्या पाठीतच सगळं यंत्र बसवलेलं, अशा जातीचे ते संगणक होते. रुंद पडदा, चकचकीत कड, दिसायला अजून देखणे. खोली रिकामी करायची वेळ आली तसं सुदर्शन म्हणाले, "एखाद्या शाळेला देऊन टाकू." व्यवस्थापक साहेबांना ते पटलं. गंगापूरच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर आत असलेली एक वस्तीवरची शाळा ठरली.

प्रजासत्ताक दिनी समारंभ झाला. फलक लागला, नारळ फुटला. एक संगणक टेबलावर मांडून सुरू केला होता आणि त्याच्यावर कंपनीचं चिन्ह झळकत होतं. सुदर्शन यांनी दुसरीतल्या एका चुणचुणीत, जाड चष्म्याच्या मुलीला पुढं बोलावलं, तिचा हात माऊसवर ठेवला आणि म्हणाले, "आता रोज बसायचं हं इथं!" फोटो सुरेख आला. पुढच्या वर्षीच्या कंपनीच्या कॅलेंडरवर तो छापला गेला.

त्यानंतर दीड वर्षानं, जुलै महिन्यात, सुदर्शन पुन्हा त्या शाळेच्या वाटेला लागले. कारण असं, की उद्योजकांच्या एका संघटनेनं उत्तम समाजकार्याचं पारितोषिक जाहीर केलं होतं. कंपनीचा अर्ज तयार होता. फक्त 'संगणक वापरात असताना' असे दोन-तीन फोटो हवे होते. व्यवस्थापक बद्रीनाथ जाधवर यांनी बजावलं होतं, "बोडखे, पुढच्या शुक्रवारपर्यंत अर्ज गेला पाहिजे."

शाळेत अपेक्षा साळवे नावाच्या नव्या शिक्षिका होत्या. समारंभानंतर बदली होऊन आलेल्या. त्यांनी पाणी दिलं, येण्याचं कारण ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काढू या की फोटो. पण आधी ते संगणक कुठं आहेत ते बघता का?"

पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत, पोत्यांच्या मागं, बाराही संगणक भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्यावर समारंभाचाच फलक पांघरलेला होता.

"हे काय मॅडम? सुरू करून तरी बघायचे!" सुदर्शन यांचा आवाज चढला.

"बघितले ना सर. अकरा यंत्रांत डिस्कच नाही. जिच्यावर सगळं साठवतात तीच काढून घेतलेली आहे. बारावा सुरू होतो, पण पासवर्ड मागतो. तो इथं कुणालाच माहीत नाही."

"मग मला कळवायचं."

"तीन पत्रं पाठवली, कंपनीच्या पत्त्यावर."

त्यातलं एक पत्र सुदर्शन यांना आठवलं. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दलही लोक तक्रार करतात, असं मनाशी म्हणून त्यांनी ते फायलीला लावलं होतं. आणि डिस्कचंही आठवलं. कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून डिस्क काढून घेतल्याचा एक कागद संगणक विभागातून आला होता. त्यावर त्यांचीच सही होती. न वाचता केलेली.

तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. चष्म्याची काच जाड, दोन वेण्या. तिनं सुदर्शन यांच्याकडं मान वाकडी करून, डोळे बारीक करून बघितलं.

"तुमी फोटोवाले सर ना?"

कॅलेंडरवरची तीच मुलगी! मोनिका तिचं नाव, आता चौथीत होती.

"सर, माजा नंबर कवा येनार? तुमी म्हनला व्हता, रोज बसायचं. मी मॅडमला लई बार इचारलं."

अपेक्षा मॅडमनी मोनिकाला वर्गात पाठवलं आणि मग सगळं सांगितलं. मोनिकाची नजर जन्मापासून कमजोर. चष्म्यानं थोडं भागतं, पूर्ण भागत नाही. फळ्यावरचं तिला दिसत नाही, पुस्तकातलं अक्षर तिच्यासाठी मुंग्यांची रांग. चौथीत येऊनही तिला धड वाचता येत नव्हतं. तिची आई सरिता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. घरातले सगळे म्हणत, पोरगी मठ्ठ आहे, शाळेत घालून काय उपयोग, आईबरोबर रानात जाऊ दे.

"मठ्ठ नाही ती," मॅडम म्हणाल्या. "कविता एकदा ऐकली की पाठ. डॉक्टर म्हणाले, अक्षर खूप मोठं करून द्या, वाचेल. मी माझ्या लॅपटॉपवर धडा मोठा करून दाखवते. पण पडदा एवढासा, अक्षर मोठं केलं की दोनच शब्द मावतात. पुढच्या शब्दावर जाईपर्यंत मागचा हरवतो. आणि इथं खोलीत बारा मोठे पडदे पडलेत! सर, माझ्या लॅपटॉपचं चित्र ह्या पडद्यावर नाही का दिसणार? मी केबल आणून लावली सुद्धा. पण काहीच येत नाही."

सुदर्शन यांनीही केबल लावून पाहिली. पडदा काळाच राहिला. त्यांनी त्या दिवशी एकही फोटो काढला नाही.

"माझे मामा आहेत," मॅडम थोड्या संकोचानं म्हणाल्या. "धम्मपाल खरात. शहरात टीव्ही सेंटर भागात दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. त्यांना दाखवता का?"

सुदर्शन यांनी एक संगणक गाडीत घातला.

धम्मपाल मामांनी उमेदीची वर्षं टीव्हीच्या कारखान्यात काढली होती. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. सत्तरीचा माणूस, पण हात स्थिर. त्यांनी संगणक उताणा ठेवला, पाठीचे स्क्रू काढले, आतली पाटी उचलली आणि पडद्याच्या मागं चिकटवलेला नंबर भिंगातून वाचला.

"केबल लावली तर काहीच येत नाही," सुदर्शन म्हणाले.

"कसं येईल? हे जे भोक दिसतंय ना, हे बाहेर जायचं दार आहे. ह्या संगणकाचं चित्र इथून बाहेर जातं. लॅपटॉपचंही तसंच. दोन्हीकडं बाहेर जायचीच दारं, आत यायचं कुठंय? काही मशीनला असतं ते. ह्याला नाय." त्यांनी आपल्या तपासणीच्या यंत्राची पट्टी पडद्याला जोडली. पडदा लख्ख उजळला. "बघा! पडदा एकदम खरा आहे. मशीन म्हणून हे संपलं, पडदा म्हणून आणखी दहा वर्षं चालंल. आतला जुना बोर्ड काढायचा आणि ह्या नंबराला जुळणारा छोटा बोर्ड बसवायचा. मग त्याला आत यायचं दार होतं. बोर्ड दिल्लीहून मागवतो."

सुदर्शन यांना हायसं वाटलं. "बरं झालं मामा. आम्ही तर चांगल्या मनानं देऊन टाकले होते."

मामांनी भिंग खाली ठेवलं.

"देऊन टाकले. आता त्यात दिलं किती आणि टाकलं किती, साहेब?"

सुदर्शन यांच्या कपाळावर आठी उमटली. "मामा, आम्हाला कुणी सक्ती केली नव्हती. भंगारात घातले असते तरी चाललं असतं."

"घालायचे होते मग. भंगारवाल्याला तरी माहीत असतं की हे भंगार आहे. तुम्ही त्या पोरांना सांगितलं की हा संगणक आहे." मामांचा आवाज चढला नव्हता. ते स्क्रू एका वाटीत गोळा करत बोलत होते. "माझा आजा गावात दारोदार उभा राहायचा. उरलेलं, आंबलेलं, फाटलेलं त्याच्या पदरात पडायचं आणि देणारा म्हणायचा, आम्ही दिलं. पुढं आमच्या लोकांनी ठरवलं, टाकलेलं घ्यायचं नाय. उपास पडला तरी नाय. त्या एका ठरावावर माझा बाप शिकला, मी शिकलो, माझी भाची मास्तरीण झाली. आणि आज तिच्याच शाळेच्या खोलीत तुमचं टाकलेलं पडलंय. वर कौतुकाचा फलक!"

"पण मामा, तुम्ही स्वतः दिवसभर जुन्याच वस्तू घेऊन बसता की!"

"व्हय! लई चांगला सवाल केला." मामा पहिल्यांदा हसले. "डोक्यावर फिरतोय तो पंखा माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. जुन्याची मला लाज नाय. जुनं वेगळं आणि टाकलेलं वेगळं. जुन्या वस्तूकडं कुणीतरी बघितलेलं असतं, तिची धूळ झाडलेली असते, काय चालतं काय नाय ते तपासलेलं असतं. टाकलेल्या वस्तूकडं देणाऱ्यानं वळूनसुद्धा बघितलेलं नसतं. वस्तू तीच असते साहेब. फरक देणाऱ्याच्या हातांनी पडतो. तुम्ही तासभर ह्याच्यासमोर बसला असता, तर तुम्हाला तेव्हाच कळलं असतं."

दाराशी रिक्षावाल्यांची हुज्जत चालली होती, तिकडं सुदर्शन नुसतेच बघत राहिले. त्यांना त्या दुसरीतल्या मुलीचा हात आठवत होता. माऊसवर आपण ठेवलेला. दीड वर्ष ती पोर रोज विचारत होती आणि आपण तिला कॅलेंडरवर टांगून मोकळे झालो होतो!

आठवड्यानं बोर्ड आला. मामांनी निरोप पाठवला आणि सुदर्शन दुकानात हजर झाले. त्यांना वाटलं होतं, मामा काम करतील आणि आपण बघू. मामांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा. पेचकस धरा." सुदर्शन यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्राची पाठ आतून बघितली. जुना बोर्ड, पंखा, तारांची जुडी, सगळं त्यांनी स्वतः बाहेर काढलं. नवा बोर्ड बसला, केबल लागली. चित्र आलं, पण दुभंगलेलं, उभ्या रेघांचं, रंग भलतेच.

"गेलं वाटतं!" सुदर्शन घाबरले.

"घाई नको. बोर्डाला अजून पडद्याची ओळख पटली नाय." मामांनी पेनड्राइव्ह लावला, त्या नंबराच्या पडद्याची आज्ञावली बोर्डात भरली. पडदा एकदा काळा झाला आणि मग सुदर्शन यांच्या लॅपटॉपवरचं चित्र स्वच्छ, मोठं, जसंच्या तसं समोर उमटलं.

"झालं!" सुदर्शन लहान मुलासारखे ओरडले. "आजच शाळेत नेतो."

"नाय," मामा म्हणाले. "आधी कंपनीत न्या. एक आख्खा दिवस तुमचं सगळं काम ह्याच्यावर करा. तुम्हाला चाललं, तर पोरीला न्या."

दुसऱ्या दिवशी सुदर्शन यांनी तो पडदा कचेरीत आपल्या टेबलावर मांडला. लोक हसले. "बोडखे साहेब, भूत परत आलं का?" असंही कुणी म्हणालं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. तीनच्या सुमारास पडदा लुकलुकायला लागला. ते संध्याकाळी पुन्हा टीव्ही सेंटरला गेले. आत गरम होऊन एक जोड सैल पडत होता. मामांनी तो पक्का केला. शाळेत नेला असता तर दोन दिवसांत बंद पडून पुन्हा तांदळाच्या खोलीत गेला असता, हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

गुरुवारी जाधवर साहेब टेबलाशी आले. "फोटो कुठं आहेत? उद्या शुक्रवार."

सुदर्शन यांनी लिहिलेला अहवाल पुढं केला. त्यात एकच परिच्छेद होता. दिलेल्या बारा संगणकांपैकी एकही आजवर वापरात आला नाही, अकरा यंत्रांत डिस्क नव्हती, शाळेच्या तीन पत्रांना उत्तर दिलं गेलं नाही, ही चूक माझी आहे.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "हे पाठवायचं? पारितोषिक जाईल बोडखे. वर मला काय सांगू?"

"सर, फोटो काढता येईल. एक संगणक सुरू करता येईल, पोरगीही पुन्हा उभी राहील. तिला अजून वाटतंय की तिचा नंबर येणार आहे." सुदर्शन यांनी पेनाला टोपण लावलं. "मला तिला दुसऱ्यांदा उभं करता येणार नाही."

साहेब टेबलावरच्या पडद्याकडं बघत राहिले. "ह्याच्यावरच काम करतोयस?"

"दोन दिवस झाले."

"ठीक आहे," एवढंच म्हणून ते निघून गेले.

अर्ज गेला नाही. पारितोषिक दुसऱ्याच कंपनीला मिळालं. साहेब पुढं बरेच दिवस सुदर्शन यांच्याशी कामापुरतंच बोलत होते, हेही सांगायला हवं. सगळं गोड झालं असं नाही. बारांपैकी सात पडदे खरे निघाले, पाच गेलेले होते. ते पाच सुदर्शन यांनी ई-कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्यांकडं स्वतः पोचवले. पण उरलेल्या पडद्यांचे बोर्ड मागवायच्या कागदावर साहेबांनी काही न विचारता सही केली. आणि त्याच महिन्यात सूचना फलकावर एक कागद लागला: यापुढं कंपनीतून कोणतीही जुनी वस्तू कुणाला द्यायची असेल, तर देणाऱ्यानं ती आधी एक पूर्ण दिवस स्वतः वापरून पाहावी. खाली जाधवर साहेबांचीच सही होती.

पहिला पडदा शाळेत गेला तो शनिवारी सकाळी. अपेक्षा मॅडमनी आपला लॅपटॉप जोडला, चौथीच्या पुस्तकातला धडा उघडला आणि अक्षर वाढवत नेलं. बोटभर, मग दोन बोटं. तरीही एक आख्खी ओळ पडद्यावर मावत होती. मोनिकाला समोर बसवलं. तिची आई सरिता त्या दिवशी रानात न जाता आली होती. ती दाराशी, पदर तोंडाला लावून उभी होती.

मोनिका पडद्याजवळ सरकली. नाक लावलं नाही, नुसती जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. मग एकेक शब्द सुटा करत वाचू लागली. "ध... धनगर... घ... घराकडे... निघाला." ती थबकली. बोट उचलून तिनं पडद्यावरच्या एका अक्षराला लावलं, मग दुसऱ्याला.

"मॅडम! हे दोन येगळे हायेत!"

"कोणते गं?"

"ह्यो ध आन् ह्यो घ. ह्याला वर गाठ हाय, त्याला नाय. मला वाटायचं येकच हाय. कवा घ म्हनायचं आन् कवा ध, ते समद्यांना कसं कळतं, मला लई नवल वाटायचं!"

पहिलीपासून ही पोर दोन अक्षरांना एक समजत होती. उत्तर चुकलं की मार खात होती, हसं करून घेत होती. आणि तिला वाटत होतं की बाकीच्यांना काहीतरी गुपित माहीत आहे, जे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही!

सरिता दारातून आत आली. लेकीच्या शेजारी जमिनीवर बसली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. ती पडद्यावरच्या त्या मोठ्या अक्षरांकडं बघत म्हणाली, "मंग मठ्ठ न्हवती व्हय माजी लेक."

"कधीच नव्हती, ताई," मॅडम म्हणाल्या.

मोनिकाचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. ती पुढची ओळ वाचत होती.

वाचकहो, तुमच्या-आमच्या घरातही एखादा जुना संगणक, पडदा, मोबाइल कुठंतरी पडलेला असेल. तो अगदीच संपला आहे असं ठरवण्याआधी एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवा. एका कामाला निरुपयोगी झालेली वस्तू दुसऱ्या कामाला पुष्कळ वर्षं उपयोगी पडते. ती पुन्हा उपयोगात आली, तर तेवढा विषारी कचरा ह्या मातीत जायचा वाचतो. आणि ती कुणाला द्यायची असेल, तर जरूर द्या. जुनं देण्यात कमीपणा नाही. मात्र द्यायच्या आधी ती पुसा, सुरू करा, तिच्यासमोर बसा आणि एक दिवस आपलं स्वतःचं काम तिच्यावर करून पाहा. आपल्याला जी एक दिवस पुरत नाही, ती दुसऱ्याच्या लेकराला आयुष्यभर कशी पुरेल?